दुसऱ्या रात्रीची तयारी

ताई, मला सातवा महिना संपत आलाय. वय २९, पहिलटकरीण. पुण्यात नोकरी करते, बाळंतपणाला माहेरी जळगावला जाणार आहे. तारीख मेच्या मध्यावरची आहे. अंगावर पाजण्याबद्दल जितकं वाचते तितकी भीती वाढते. आई म्हणते, “आपल्याकडे कुणाला दूधच येत नाही. मला आलं नाही, तुझ्या मावशीला आलं नाही. तू आतापासूनच मनाची तयारी ठेव.” मी बाटलीवरच वाढले. त्यात माझं एका बाजूचं निप्पल सपाट आहे. वहिनी म्हणते, पंप आणि पावडरचा डबा आधीच आणून ठेव, ऐनवेळी पळापळ नको. सासूबाईंना बाळाला सोन्याच्या काडीने मध चाटवायचा आहे. जळगावच्या उन्हाळ्यात बाळाला पाणी न देता कसं चालेल, हेही सगळे विचारतात. सिझर झालं तर? नोकरीवर परत गेल्यावर? नेमकी कशाची तयारी करू?
— मे महिन्याची वाट पाहणारी, पुणे

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात सात-आठ प्रश्न आहेत, पण मला त्यात एकच वाक्य ठळक दिसलं: “आपल्याकडे कुणाला दूधच येत नाही.” म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते.

घराण्यात दूध नसतं, असं सहसा नसतं. बाळामागून वार, म्हणजे प्लासेंटा, पडली की गरोदरपणात वाढलेलं प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि दूध तयार होण्याचं काम वेग घेतं. हे पाजलं न पाजलं तरी होतंच. ज्या बाईला पाजायचं नसतं तिचीही छाती तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाटते. पुढचं मात्र उपशावर असतं. तू खानदेशातली आहेस, तुला विहिरीचं सांगायला नको. उपसा चालू असला की झरे मोकळे राहतात, उपसा थांबला की तेच झरे बुजत जातात. बाळ जितक्या वेळा ओढेल तितका शरीराला निरोप जातो की आणखी हवंय. बाटलीने पोट भरलेलं बाळ ओढत नाही, मग निरोप जात नाही, आणि आठ दिवसांत खरंच दूध आटतं. मग सगळे म्हणतात, “बघा, म्हटलं नव्हतं, हिला दूध नाही.”

हे मी पुस्तकातून सांगत नाही. प्रसूती वॉर्डात मी ३२ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, आणि तरीही माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी माझ्यावर हेच आलं. बाळंतपण झालं ते माझ्या कामाच्या ठिकाणी नव्हे, गावाकडच्या एका दवाखान्यात. बाळाला शेजारच्या खोलीतल्या पाळण्यात ठेवलं. मला दिवसातून चार वेळा आणून देत. मधल्या वेळात त्याला साखरपाणी पाजत होते, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. बाळ माझ्याकडे यायचं ते झोपलेलं. मी छातीशी धरायची, ते तोंड उघडायचं नाही. पाचव्या दिवशी मला सांगितलं की तुम्हाला दूध नाही, आणि मी ते मानलं. दुसऱ्यांचं ऐकून मी स्वतःच्या शरीराबद्दल एक खोटी गोष्ट चार वर्षं खरी धरून चालले. धाकटी झाली तेव्हा ती पहिल्या तासापासून माझ्या अंगावर होती. तिला दीड वर्ष पाजलं. शरीर तेच होतं.

तुझ्या आईचंही असंच झालं असेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मी तिथे नव्हते. खरोखर दूध कमी येणाऱ्या आया असतात, पण थोड्या असतात आणि त्यामागे बहुधा कारण सापडतं. थायरॉइड ताब्यात नसणं, बाळंतपणात फार रक्तस्राव होणं, वारेचा तुकडा आत राहणं, छातीचं आधी झालेलं ऑपरेशन, स्तनातल्या दूधग्रंथींची वाढच अपुरी असणं ही त्यातली काही. पुढच्या तपासणीला गेलीस की डॉक्टरांना यातलं तुला लागू आहे का ते विचार. थायरॉइडची गोळी चालू असेल तर बाळंतपणानंतर डोस पुन्हा तपासून घ्यायचा, हेही लिहून ठेव. गरोदरपणात छाती जड झाली आहे का, ब्राचा नंबर बदलला आहे का, तेही त्यांना सांग.

आता तयारी. तू विचारतेस नेमकी कशाची तयारी करू. छातीला फारसं काही करायचं नाही. तेल लावून ओढणं, खरखरीत फडक्याने घासणं, निप्पल कडक करणं यातलं काहीही करू नकोस. तयारी करायची आहे ती बाळंतपणानंतरच्या दुसऱ्या रात्री तुझ्या खोलीत जी माणसं असतील त्यांची.

ही दुसरी रात्र कशी असते ते सांगते. पहिले एक-दोन तास बाळ टक्क जागं असतं, पितं. मग बाहेर येण्याच्या श्रमाने थकून जवळजवळ दिवसभर झोपतं. सगळे म्हणतात, किती गुणी बाळ आहे. मग दुसरी रात्र येते. साडेअकरा-बाराच्या सुमाराला बाळ जागं होतं आणि रडायला लागतं. पाजलं, दहा मिनिटं प्यायलं, झोपलं. पाळण्यात ठेवलं की पुन्हा रडलं. पुन्हा पाजलं. हे पहाटे चारपर्यंत चालतं. छाती अजून मऊच असते, दाबून पाहिलं तर एखादा पिवळा थेंब दिसतो. खोलीत कुणीतरी, बहुतेक वेळा सगळ्यात जास्त माया असलेलंच कुणीतरी, म्हणतं, “अगं, त्याचं पोट भरत नाहीये. किती रडतंय बिचारं. थोडं वरचं देऊ या का?”

मी अशा किती रात्री पाहिल्यात त्याची मोजदाद नाही. एक डोळ्यासमोर आहे. चौथ्या नंबरच्या कॉटवर एक पहिलटकरीण, केस विस्कटलेले, गाऊनच्या बाह्यांनी घाम पुसत होती. आजी बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होती, आणि नवरा दुकान उघडं सापडतंय का पाहायला खाली गेलेला. मी बाळाला घेतलं, आधी त्याचं दुपटं सोडलं. आतला लंगोट ओला होता. आजीच्या हातात तो ओला लंगोट दिला आणि म्हटलं, “आजी, आत काही गेल्याशिवाय हे बाहेर आलं का?” आजींनी तो लंगोट हातात धरून बराच वेळ पाहिला. मग त्या स्वतःच सुनेच्या पाठीमागे उशी लावायला वाकल्या.

त्या रात्री बाळ रडत असतं ते बहुधा दूध नाही म्हणून नव्हे. ते दुधाची ऑर्डर देत असतं. सतत ओढून ओढून ते तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं दूध बोलावून घेत असतं. रात्री प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करणारं संप्रेरक, दिवसापेक्षा जास्त असतं. म्हणून तर रात्रीचं पाजणं टाळायचं नाही. आणि पोट? पहिल्या दिवशी बाळ एका वेळी घेतं ते फार तर २ ते १० मिली. म्हणजे एक-दोन चमचे. चीक, म्हणजे सुरुवातीचं घट्ट दूध, तेवढाच येतो, कारण तेवढाच लागतो. तो पिवळा, चिकट असतो आणि त्यात रोगांशी लढणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात. तो पिळून टाकायची रीत अजून काही घरांत आहे. तुमच्या घरात असेल तर आजच बंद करा.

तेव्हा माझा सल्ला असा. एप्रिलमध्ये जळगावला गेलीस की एखाद्या दुपारी आई, वहिनी, जमलं तर सासूबाई फोनवर, आणि तुझा नवरा यांना एकत्र बसव. त्यांना ही दुसरी रात्र आधीच सांगून ठेव. “बाळ असं रडेल, तेव्हा आपण घाबरायचं नाही, लंगोट मोजायचे.” जे आधी ऐकलेलं असतं त्याची भीती रात्री दोन वाजता निम्मी होते. प्रत्येकाला एकेक काम दे. आईने तुला पाणी, खाणं आणि उशा पाहायच्या. वहिनीने भेटायला येणाऱ्यांना बाहेरच्या खोलीत बसवायचं आणि दहा मिनिटांत वाटेला लावायचं. बाळंतिणीला पाहायला आलेल्या दहा बायकांसमोर कुठलीही मुलगी नीट पाजू शकत नाही. नवऱ्याने पहिल्या आठवड्याची रजा आत्ताच टाकायची. शू-शी बदलणं, ढेकर काढणं, बाळाला उघड्या छातीवर घेऊन झोपवणं हे सगळं त्याला येईल. पण सर्वांत मोठं काम म्हणजे कुणी “वरचं द्या” म्हणालं की “डॉक्टरांनी सांगितलं नाही” हे वाक्य त्याने म्हणायचं. बाळंतिणीला ते म्हणायला लावू नका, तिचा आवाज त्या दिवसांत लगेच भरून येतो.

लंगोट मोजायचे ते असे. पहिल्या दिवशी निदान एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून सहा किंवा जास्त, लघवी फिकट. शी आधी काळी, डांबरासारखी, मग हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारखी पिवळी. कपाटाच्या दारावर कागद चिकटव आणि आईच्या हाताने त्यावर रेघा मारून घे. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, तीन किलोचं बाळ तिसऱ्या दिवशी पावणेतीन किलोच्या आसपास दिसलं तर दचकू नकोस. दहा टक्क्यांच्या वर उतरलं, किंवा दोन आठवडे झाले तरी जन्माचं वजन परत आलं नाही, तर मात्र डॉक्टरांनी पाहायलाच हवं. बाळ पाजायलाही उठत नसेल, लघवी होत नसेल, ताप असेल, पिवळेपणा पायांपर्यंत उतरला असेल, तर त्याच वेळी दवाखान्यात न्या, सकाळची वाट पाहू नका. तेव्हा डॉक्टर म्हणाले की वरचं दूध द्या, तर ते द्यायचं, आणि त्यात अपराधी वाटून घ्यायचं नाही. तेही वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या लहान भांड्याने, दे. जुन्या घरांत चांदीचं बोंडलं असतंच, आईच्या कपाटात पाहा. स्वच्छ घासून पाण्यात चांगलं उकळून घेतलं की वापरायला तयार.

दुसऱ्या रात्रीआधीचा पहिला तास आत्ताच मागून घे. ज्या दवाखान्यात नाव घातलंयस तिथे जाऊन स्पष्ट विचार की बाळ पुसलं की लगेच माझ्या उघड्या छातीवर ठेवाल का, पहिल्या तासात पाजू द्याल का, आणि बाळ रात्रभर माझ्याच खोलीत राहील का. हे विचारणं उर्मटपणाचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली जवळजवळ ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, आणि पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं मात्र जेमतेम ४२ टक्के. म्हणजे डॉक्टर, सिस्टर, कॉट सगळं असूनही तो तास हातातून निसटतो. टाके, वजन, कपडे, फोटो या गडबडीत जातो. आधी सांगून ठेवलेलं असलं तर कुणीतरी लक्षात ठेवतं.

सिझर झालं तरी हे होतं. कमरेत इंजेक्शन देऊन केलेल्या सिझरमध्ये तू जागीच असतेस. टेबलवरच, किंवा बाहेर आणल्यावर, बाळ छातीशी ठेवता येतं. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून कुशीवर झोपून पाज, नाहीतर बाळाचे पाय तुझ्या काखेखालून मागे जातील असं बगलेत धर. दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो, एवढंच. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी औषधं पाजणाऱ्या बाईला चालतात. दुखणं सोसत बसलीस तर बाळाला धड घेताही येणार नाही, म्हणून डॉक्टर देतील ती गोळी वेळेवर घे.

आता निप्पलचं. बाळ निप्पल चोखत नाही, ते भोवतीच्या काळ्या वर्तुळासकट तोंड भरून घेतं. म्हणून सपाट निप्पल असलेल्या कितीतरी जणी व्यवस्थित पाजतात. गरोदरपणात ते ओढून बाहेर काढण्याचे व्यायाम पूर्वी सांगत. त्यांचा उपयोग होत नाही असं नंतर दिसून आलं, शिवाय तशा ओढण्याने कळाही येऊ शकतात, तेव्हा तू ते करू नकोस. बाळंतपणानंतर गरज पडलीच तर सिस्टरला सिरिंज मागायची. १० किंवा २० मिलीची नवी सिरिंज, सुईकडचं टोक कापायचं, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने आत घालायचा, आणि गुळगुळीत बाजू छातीवर ठेवून हलकेच ओढून अर्धं मिनिट धरायचं. मग लगेच बाळ लावायचं. सरकारी दवाखान्यांतल्या सिस्टरना हे चांगलं ठाऊक असतं.

लावायचं कसं ते नीट वाच, कारण बहुतेक दुखणी इथून सुरू होतात. तू टेकून बस, पाठ आणि कोपर उशीवर. बाळाला छातीपर्यंत उचल, तू बाळाकडे वाकू नकोस. बाळाचं पोट तुझ्या पोटाला लागलेलं, डोकं आणि पाठ एका रेषेत. मान वळवून तू पाणी पिऊन पाहा, किती अवघड जातं ते कळेल. बाळाचं नाक निप्पलसमोर आण आणि निप्पलने वरच्या ओठाला हलकेच स्पर्श कर. ते जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडेपर्यंत थांब. इथेच सगळ्या घाई करतात. तोंड उघडलं की बाळाला झटकन जवळ घे, हनुवटी आधी रुतली पाहिजे. बरोबर लागलं असेल तर खालचा ओठ बाहेर मुडपलेला दिसतो, गाल भरलेले असतात, काळा भाग ओठांच्या वर जास्त दिसतो आणि खाली कमी. आधी भरभर ओढतं, मग लय संथ होते, आणि दूध उतरल्यावर गिळण्याचा बारीकसा आवाज येतो. पहिल्या काही दिवसांत सुरुवातीला थोडं हुळहुळतं, पण पाजत असताना दात-ओठ खावे लागत असतील, निप्पल चिरत असेल, किंवा बाळाने सोडल्यावर ते लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसत असेल, तर चुकलंय. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडव आणि पुन्हा लाव. पाच वेळा लागलं तर पाच वेळा. वॉर्डातून घरी जाण्याआधी सिस्टरसमोर एकदा पूर्ण पाजून दाखव. मी असते तर तुला तसं केल्याशिवाय सोडलं नसतं.

दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं होतं. घड्याळ बघू नकोस, बाळ बघ. मुठी तोंडाकडे नेणं, ओठ चाटणं, मान इकडेतिकडे करणं ही भुकेची हाक. रडू ही शेवटची हाक असते, तोवर बाळ चिडलेलं असतं आणि नीट लागत नाही.

हाताने दूध काढायला शीक, तोच तुझा पंप. अंगठा आणि बोट काळ्या भागाच्या कडेवर ठेवायचं, आधी छातीच्या पिंजऱ्याकडे दाबायचं, मग एकमेकांकडे, मग सैल सोडायचं. बोटं कातडीवर घसरवायची नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते, तेव्हा थोडं काढून काळा भाग मऊ केल्याशिवाय बाळाला धरता येत नाही. त्या दिवशी पाजण्याआधी कोमट शेक, पाजल्यावर थंड पट्टी. एखादी जागा लाल, गरम झाली आणि ताप आला तर डॉक्टरांकडे जा, पण त्या बाजूचं पाजणं बंद करू नकोस. बाळ दिवसांआधी आलं आणि काचेच्या पेटीत ठेवावं लागलं तरी हाताने काढलेलं दूध त्याला नळीने, चमच्याने जातं. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली ती अशाच बाळांसाठी. ज्यांच्या आईला त्या वेळी दूध देता येत नाही, त्यांना तिथे दुसऱ्या आयांचं दूध मिळतं.

पावडरचा डबा आधी आणू नका. वहिनीला तुझी काळजी आहे, ते मला दिसतं. पण घरात असलेला डबा दुसऱ्या रात्री दोन वाजता उघडला जातो, आणि नसलेला डबा आणायला सकाळ उजाडावी लागते. तेवढ्या वेळात बाळ चार वेळा पिऊन होतं. दवाखान्यात कुणी फुकटचा डबा किंवा बाटली हातात ठेवली तर घेऊ नकोस. १९९२ च्या कायद्याने अशा भेटींना आणि डबा-बाटलीच्या जाहिरातींना बंदी आहे. पंप नोकरीच्या वेळी घेता येईल. सध्या पुढून बटणांचे दोन-तीन गाऊन, एक नंबर मोठ्या सुती ब्रा, जुन्या मऊ लुगड्याची दुपटी, भरपूर लंगोट, वाटी-चमचा आणि बसायला चांगली खुर्ची एवढं पुरे.

मधाचं सासूबाईंना तूच सांग, नवऱ्यामार्फत नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, कारण मधात कधीकधी बॉट्युलिझम नावाच्या विषबाधेचे जंतू असतात. मोठ्यांचं पोट ते पचवतं, बाळाचं नाही. पण त्यांना नुसतं नाही म्हणू नकोस. नातवाच्या किंवा नातीच्या कपाळाला सोनं लावण्याचा मान त्यांचाच ठेव. सव्वा महिन्यात घरात गुटीचीही तयारी होईल. तीही सहा महिने नको असंच मी सांगेन. डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू ठेव. मालिशवाली बाई बाळाची छाती पिळायला गेली तर तिचा हात धर. नवजात बाळाची छाती थोडी सुजते ती आपोआप उतरते, पिळल्याने पिकते.

आणि पाणी. तुझ्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच आहे. चव्वेचाळीस डिग्रीतही बाळाला वेगळं पाणी लागत नाही, जास्त वेळा पाजणं लागतं. पाण्याने त्याचं इवलंसं पोट भरतं आणि दूध मागे राहतं, शिवाय त्यातून जुलाबाची भीती. पाणी हवंय ते तुला. बाळंतिणीला घोटभरच पाणी द्यायचं, अशी एक समजूत आपल्याकडे आहे, ती जळगावच्या मेमध्ये अजिबात पाळू नका. पाजायला बसलीस की हाताशी तांब्या हवाच. खोलीची खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा, बाळाला कुंची-टोपरं-मोजे घालून गुंडाळू नका, शेगडीचा धूरही नको. बाळाच्या मानेला घाम दिसला की एक थर काढायचा.

खाण्याबद्दल थोडक्यात. अळिवाचा लाडू खा, डिंकाचा खा, शेपू, मेथी, बाजरीची भाकरी, डाळ, दूध, अंडं, जे घरी खाता ते सगळं खा. पाजणाऱ्या बाईला रोज ६०० कॅलरीच्या आसपास जास्त लागतात, म्हणजे एक चांगलं वाढीव जेवण. बाळाचं पोट दुखेल म्हणून भाज्या, फळं बंद करू नकोस. पण लाडवाने दूध येतं हा भरवसा ठेवून बाळाला लावणं कमी करू नकोस. विहिरीला पाऊस हवा, उपसाही हवा.

नोकरीचं आत्ता फार डोक्यात घेऊ नकोस, फक्त रजेचं गणित मांड. कायद्याने २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. तब्येत साथ देत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर आधीचे आठवडे वाचव, ते नंतर बाळाच्या उपयोगी पडतील. फक्त अंगावरचं दूध द्यायचे सहा महिने जवळजवळ तेवढेच भरतात. पुढेही बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी घेण्याचा हक्क आहे, आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते. रुजू होण्याच्या आधी महिनाभर मला पुन्हा लिही, तेव्हा दूध काढून साठवण्याचं सविस्तर सांगेन.

हे सगळं करण्याआधी एक काम आजच कर. संध्याकाळी आईला फोन लाव. “दूध का आलं नाही” असं विचारू नकोस, त्यात दोष दिल्यासारखं होतं. असं विचार: मी झाले तेव्हा मला तुझ्याजवळ कधी आणून दिलं? पहिली रात्र मी कुठे होते? मला पहिल्यांदा काय पाजलं, आणि कुणी? ती सांगायला लागली की मध्ये काही समजावू नकोस. पुण्याच्या डॉक्टरचं, माझं, कुणाचंच नाव काढू नकोस. तिला ही गोष्ट बहुधा कुणी विचारलेलीच नाही.

तुझी,
ताई